उत्क्रांती दहावीतच शिकवा

मा. संपादक,
स. न.

सीबीएसई शाळांची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने २०२३ च्या पुस्तकात दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती काढून टाकली. करोनाकाळात वाढलेला अभ्यासाचा भार हलका करणे, हे त्याचे कारण. तोवर शाळा केव्हाच पूर्ववत भरू लागल्या होत्या! अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिले, तेव्हा ‘बारावीला आहेच की’ असे सांगण्यात आले. पण बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोचतात किती जण? दहावीनंतर कोणी कॉमर्सला जातो, कोणी आयटीआयला. सायन्सवाल्यांतही इंजिनीअरिंग धरणारे बरेच जण बायॉलॉजी सोडतात.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र हा धडा अगदी पहिला. तो मी अनेक वर्षे शिकवला. आमच्या गावात घरोघरी हरिपाठ. एकाही पालकाने कधी हरकत घेतली नाही. ‘सर, मग आत्ताची माकडं माणसं का होत नाहीत?’ हा प्रश्न मात्र दरवर्षी ठरलेला. आजच्या माकडांपासून आपण झालोच नाही, दोघांचा पूर्वज एक, हे फळ्यावर फांद्या काढून दाखवले की पटते. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांतली हाडांची सारखी मांडणी पाहिली की मुले आपलीच बोटे चाचपू लागतात.

खरी पंचाईत दशावताराने होते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... ‘मासा, कासव, मग माणूस, म्हणजे उत्क्रांती आपल्याकडे आधीच होती’ असे काही शिक्षकच कौतुकाने सांगतात. धर्माला विरोध नको म्हणून शोधलेली ही सोयीची वाट. पण तिथे धड्यातली डार्विनची नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत वाढतात हे सूत्र, बाजूलाच राहते. अवतार देव हेतूने घेतो, निवडीला हेतू नसतो. मत्स्याच्या पिढ्यांमधून कूर्म झाला, असे पुराणही म्हणत नाही. मी स्वतः एकादशी करतो. मला दशावताराला डार्विनच्या प्रमाणपत्राची गरज वाटत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही म्हणून. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यांना संयुक्त पत्रक काढून उत्तर दिले होते.

आता राज्यात सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याची घोषणा झाली आहे. दहावीची पाळी येईल तेव्हा हा धडा राहणार की जाणार, हे बालभारतीने आताच स्पष्ट करावे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. सातारा