शालूस पत्र: बीपीचा आकडा आणि घरातलं मीठ

रत्नागिरी

प्रिय शालू,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. देवळातल्या शिबिरात १५८/९६ आलं म्हणून तू मासेच बंद केलेस? कमाल आहे तुझी. तो आकडा अजून तुझा म्हणता येणार नाही. घाटी चढून आलेली, रांगेत उभी, हात खाली लोंबता आणि शेजारणीशी गप्पा चालू, हे तूच लिहिलंयस. अशा वेळी कुणाचंही बीपी वर दिसेल. खरं काय ते घरी आठवडाभर मोजल्यावरच कळेल.

मशीन दंडाला बांधायचं घे. मनगटावरचं दिसायला सुटसुटीत, पण हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. घेण्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिवणाच्या टेपने दंडाचा घेर मोज. पट्ट्यावर सेंटीमीटर छापलेले असतात, त्यात तुझा घेर बसायला हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी नसतानाही बीपी दिसतं.

सकाळी उठून लघवीला जाऊन ये. चहा, मशेरी, अंगणाची झाडलोट, यांतलं काहीही त्याआधी अर्धा तास नको. पाठ टेकवून खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बस, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक टाकलेले नाहीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर, आणि हात टेबलावर असा ठेव की पट्टा छातीच्या पातळीत येईल. एकदा मोजून मिनिटभर थांब, पुन्हा मोज. दोन्ही आकडे वहीत लिही. संध्याकाळी तसंच. सात दिवस झाले की पहिला दिवस खोडून टाक आणि उरलेल्या सहांची सरासरी काढ. ती १३५/८५ किंवा वर आली तर बीपी आहे असं धरून डॉक्टरांकडे जा. दवाखान्यातली रेघ १४०/९०ची आहे; घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची रेघ खाली. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बघ आणि जास्त येईल तोच हात पुढे कायम धर. आवडता आकडा येईपर्यंत मात्र मोजत बसायचं नाही!

डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग बीपी कसलं, असं तुझे यजमान म्हणतात. बहुतेकांना काहीच होत नाही, तीच तर अडचण आहे. मेंदू, हृदय, किडनी, डोळ्यांचा पडदा इथल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं गुपचूप खराब होत असतात.

आता मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. घरात तुम्ही चौघं. एक किलोची पिशवी उघडलीस की तारीख लिहून ठेव. वरून काही खारं न खाताही ती पन्नास दिवस तरी पुरली पाहिजे. पंचवीस दिवसांत संपत असेल, तर कुठे मुरतं ते बघ. ताज्या माशात ते नाही. मासा समुद्रातला असला तरी त्याचं मांस खारट नसतं, तेव्हा बांगडा, तारली खुशाल खा. जवळा, बोंबील बरेचदा नुसते उन्हात वाळवलेले असतात. खारा बांगडा मात्र मिठातच मुरलेला. गरम पाण्यात भिजवून दोनदा पाणी टाकलं तरी बरंच मीठ उरतं, म्हणून तो सणासुदीला. आगळाचंही तेच, कोकमाच्या त्या रसात आधीच मीठ घातलेलं असतं. सोलकढी करताना आगळाऐवजी आमसुलं भिजवून कोळ काढ, मग मीठ तुझ्या हातात राहील. पेजेबरोबर लोणचं, वर पापड, ताटाच्या कडेला मिठाची चिमूट, अशी भर पडत जाते. ‘मीठ कमी झाला तर जेवणाक चव नाय’ म्हणणाऱ्यांना दोन-तीन आठवडे दे, जीभ सवय करून घेते. तोवर तिरफळ, ओली मिरची, कोकम, ओलं खोबरं आहेच की.

सैंधव महाग आहे एवढंच, मिठातलं बीपी चढवणारं सोडियम त्यातही तेच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय नको. रोजच्या शहाळ्यालाही हाच नियम.

गोळी लिहून दिली तर घाबरू नकोस. तुझा सिंधुदुर्ग जिल्हा हा २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे आरोग्य केंद्रात आधी विचार. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. ती किडनीमुळे आली असं समजून गोळी बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखव, ते बदलून देतील. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलं तर ती चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचार. गोळीचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच, तेव्हा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. पावसाळ्यात गुडघे धरले की दुकानातून डायक्लोफिनॅक आणतेस ना? त्याने बीपीही चढतं आणि किडनीवरही ताण येतो. पॅरासिटामॉल विचारून घे.

कधी १८०/१२० दिसलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोज. तेवढंच आलं आणि त्रास काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, यांतलं काहीही असेल तर आकड्याची वाट न बघता १०८. जिभेखाली गोळी ठेवून बीपी एकदम उतरवायचा उद्योग कुणी सुचवला तरी करायचा नाही. मेंदूचा रक्तपुरवठाच अचानक कमी पडू शकतो.

सोमवारपासून सुरू कर. वहीच्या पानाचा फोटो पुढच्या सोमवारी पाठव, सरासरी मी काढून देईन. आणि येताना तिरफळं आण.

तुझी,
माई