'चपराक'वाले मथळे जरा कमी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुका जवळ आल्या की पेपरात ठरलेला सूर लागतो, लोकांना खरी माहितीच मिळत नाही हो, मिळाली तर ते शहाण्यासारखं मत देतील. मला हे काही पटत नाही. माहिती खिशातल्या मोबाइलमध्ये पडलेली आहे, अडचण अशी की ती खरी मानली तर आपण इतकी वर्षं ज्यांच्यासाठी घरच्यांशी भांडलो, ग्रुप सोडले, ते सगळं फुकट गेलं असं कबूल करावं लागतं. नेता खोटं बोलला हे माणूस एक वेळ पचवेल पण मी त्याला भुललो हे नाही पचत.

कोणालाही त्याच्या लाडक्या नेत्याचा जुना व्हिडिओ दाखवून बघा, ज्यात तो आजच्या बरोब्बर उलटं बोलतोय. पहिलं उत्तर येतं, एडिट केलेला असणार. अख्खं भाषण दाखवलं की, बरं मग, आधीचे काय धुतल्या तांदळाचे होते का? तेही खोडलं की शेवटी, तुला फक्त आमचेच दिसतात. म्हणजे दोन मिनिटांत विषय व्हिडिओवरून तुमच्यावर आलेला असतो, आणि समोरचा मात्र पडलो तरी नाक वर. आणि हे सगळ्या पक्षांच्या लोकांत सारखंच चालतं, माझ्या बाजूचेही त्यात आले.

शिकलेले लोक यातून सुटतात असं कोणाला वाटत असेल तर अमेरिकेतल्या डॅन कहान आणि सहकाऱ्यांचा 2013 चा प्रयोग बघा. लोकांना एका त्वचेच्या क्रीमचे आकडे दिले, क्रीम लावलेल्यांपैकी 223 जणांचा त्रास कमी झाला आणि 75 जणांचा वाढला, न लावलेल्यांत 107 जणांचा कमी झाला आणि 21 जणांचा वाढला. वरवर बघितलं तर 223 हा आकडा मोठा म्हणून क्रीम भारी वाटतं, पण प्रमाण काढलं तर लावलेल्यांत साधारण तिघांचा त्रास कमी झाला तर एकाचा वाढला, आणि न लावलेल्यांत पाच जणांचा कमी झाला तर एकाचा वाढला, म्हणजे क्रीम न लावलेलंच बरं. गणितात हुशार असलेल्यांना हे जास्त जमलं, ते अपेक्षितच होतं. मग तेच आकडे, फक्त क्रीमच्या जागी बंदुका बाळगण्यावरची बंदी आणि गुन्हेगारी. आता उत्तर आपल्या राजकीय मताच्या विरुद्ध जाणारं असलं की हुशार मंडळीही पहिल्या नजरेच्या चुकीच्या उत्तरावरच थांबली, आणि मताला सोयीचं असलं की बरोबर आकडेमोड करून मोकळी! दोन्ही बाजूंमधलं अंतर सगळ्यात जास्त या हुशारांमध्येच निघालं. डोकं असतंच, ते कुठल्या बाजूने वकिली करायला बसवायचं एवढंच ठरायचं असतं.

जेफ्री कोहेन यांचा 2003 चा अभ्यास तर अजून मजेशीर आहे. गरिबांना सरकारी मदत देण्याच्या योजना विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, एक सढळ हाताची आणि एक कडक. ही तुमच्या पक्षाची म्हटल्यावर उदारमतवाद्यांना कडक योजना चालली आणि परंपरावाद्यांना सढळ चालली, आणि वर विचारलं तर म्हणे आम्ही योजनेतल्या तरतुदी वाचून ठरवलं, पक्षाच्या नावाला भुलतात ते दुसरे.

आता तुमच्याकडे येतो. 'विरोधकांना सणसणीत चपराक', 'भक्तांची बोलती बंद', 'दावा तोंडावर आपटला' असे मथळे तुम्ही देता. आधीच पटलेले लोक ते फॉरवर्ड करतात हे खरं, पण ज्याला ती बातमी वाचायची खरी गरज आहे त्याला चपराक आपल्याच गालावर बसल्यासारखी वाटते आणि तो पान उलटतो. क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःची प्रतिमा वाचवायला धडपडतो, आणि ती दुसऱ्या कुठून तरी सावरली गेली तर नकोशी गोष्ट ऐकून घेणं त्याला सोपं जातं. पुढच्या काही प्रयोगांत तसं दिसलंही, दर वेळी होतंच असं नाही. पण निदान अपमान करून कोणी ऐकेल ही आशा तरी सोडू या.

म्हणून दोन साध्या गोष्टी करून बघा. योजनेची किंवा विधेयकाची बातमी असेल तर आधी त्यात काय आहे, कोणाला किती मिळणार, कोणाच्या खिशातून जाणार हे छापा आणि पक्षाचं नाव तिसऱ्या परिच्छेदात येऊ द्या. आणि फॅक्ट चेकच्या मथळ्यात फक्त आकडा द्या, कोण तोंडघशी पडलं ते नको. दोन्हीकडचे लोक चिडून पत्रं पाठवतील, की आमच्या पक्षाचं नाव मुद्दाम खाली ढकललं म्हणून, तर तीही छापा, शेजारी शेजारी.

आपला,
एक नियमित वाचक