‘ओपन’ म्हणून विकलेल्या हॅन्डहेल्डचा सोर्स कोड मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हॅन्डहेल्ड (हातात धरून खेळायच्या) गेमिंग कन्सोलच्या कर्नेलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ प्रोग्राम, नाकारल्याबद्दल आणि एकाच नावाखाली दोन वेगळे बोर्ड विकल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

तुमचा कन्सोल मी खोक्यावरच्या एका ओळीसाठी घेतला : ‘ओपन लिनक्स प्लॅटफॉर्म, एम्युलेशन आणि होमब्रूसाठी’. म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून त्यांचे गेम चालवायला आणि हौशी लोकांनी घरी लिहिलेले गेम खेळायला. जुने गेम चालवणारी यंत्रं बाजारात ढिगाने आहेत. मला स्वतः लिहिलेला गेम चढवता येईल, आतली सिस्टिम बदलता येईल आणि उद्या तुम्ही हे मॉडेल बंद केलंत तरी चालत राहील असं यंत्र हवं होतं. ती ओळ तुम्ही पाळलेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी यंत्राबद्दल, कारण ते वाईट नाही. ४८० बाय ३२० ची स्क्रीन निवडणाऱ्याने डोकं वापरलं आहे. गेमबॉय अॅडव्हान्सचं चित्र २४० बाय १६० असतं. ते इथे बरोबर दुप्पट होऊन कडेपासून कडेपर्यंत बसतं, कुठे पुसट नाही, कुठे काळी पट्टी नाही. जुन्या गेमबॉयचं १६० बाय १४४ चं चित्रही दुप्पट होऊन मावतं. सुपर निन्टेंडोच्या २२४ ओळी दुप्पट करायला जागाच उरत नाही, त्यामुळे चित्र ताणावं लागतं आणि पार्श्वभूमी सरकताना काही ओळी जाड, काही बारीक दिसतात. एवढ्या स्क्रीनवर त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. आरके३३२६ ही चिप पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम आरामात ओढते. डी-पॅडचं (दिशांच्या बटणाचं) रबर मात्र फार मऊ आहे : ‘खाली’ दाबून धरलं आणि अंगठा जरा कलला की तिरपी दिशा लागते, आणि मारामारीच्या गेममध्ये नेमका नको तो फटका बसतो.

आता मूळ तक्रार.

तुमच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रात भरून दिलेल्या सिस्टिममध्ये) गेमबॉयचे गेम ठरावीक अंतराने हिसका खातात. एम्युलेटर धापा टाकतोय म्हणावं तर चिपवर भार नगण्य असतो. खरा गेमबॉय सेकंदाला ५९.७३ चित्रं दाखवतो आणि तुमच्या स्क्रीनचं पॅनेल त्याहून सावकाश चालतं, म्हणून मधूनच एखादं चित्र गळतं. सपाट जमिनीवर धावणाऱ्या पात्राकडे नीट पाहिलं तर ते कळतं आणि एकदा कळलं की डोळ्यांना सतत टोचत राहतं. यावर उपाय म्हणून या मॉडेलसाठी हौशी मंडळींनी बनवलेलं फर्मवेअर मेमरी कार्डावर घातलं. आवाज आला, दिवा लागला, स्क्रीन काळी.

मागचे स्क्रू काढले तर बोर्डावर सिरियलचे बिंदू, म्हणजे यंत्राचे आतले संदेश संगणकावर वाचायची जोडणी, मोकळे होते. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर जोडला आणि ही चिप बनवणारे रॉकचिपवाले वापरतात तो १५,००,००० चा बॉड रेट (संदेशांचा वेग) लावला. मग कर्नेलचा लॉग सरसर खाली येऊ लागला आणि त्यात कारण सापडलं : माझ्या यंत्रातलं पॅनेल वेगळं आहे. बोर्डही वेगळा आहे. नाव, खोका आणि मॉडेल क्रमांक सगळं तेच ठेवून तुम्ही आतला माल बदललात, आणि बाहेरून ओळखता येईल अशी एकही खूण ठेवली नाहीत. सुटे भाग मिळेनासे होतात आणि दुसरे घालावे लागतात, हे मला समजतं. त्याची खूण न ठेवण्याचं कारण मात्र समजत नाही. खोक्यावर बोर्डाच्या आवृत्तीचा एक आकडा छापायला कितीसा खर्च येतो?

पॅनेलचं कोडं मी सोडवलं. तुमच्या फर्मवेअरमधून डिव्हाइस ट्रीची, म्हणजे यंत्रात कोणते भाग आहेत ते कर्नेलला सांगणारी, फाइल काढली, ती उकलून वाचण्याजोगी केली, पॅनेल जागं करणाऱ्या आज्ञांचा क्रम त्यात मिळाला आणि तो हौशी फर्मवेअरमध्ये घातल्यावर स्क्रीन उजळली. त्याच फाइलमध्ये पिक्सेल क्लॉकचा, म्हणजे पॅनेलचा वेग ठरवणारा, आकडा होता. तो थोडा वाढवला आणि हिसके थांबले. म्हणजे तुमच्याच यंत्रातला दोष एक आकडा बदलून जाणार होता, आणि तुम्हाला वर्णन लिहून पाठवूनही तुम्ही तो बदलला नाहीत. ओपन यंत्राचं मोल मला त्या क्षणी जितकं पटलं तितकं कुठल्याही जाहिरातीने पटलं नसतं.

पण पुढे गाडी अडली ती बटणांवर. नव्या बोर्डात अॅनालॉग स्टिक आणि बटणं वेगळ्या पद्धतीने वाचली जातात, आणि ते काम करणारा ड्रायव्हर (त्या भागाशी बोलणारा प्रोग्राम) कर्नेलच्या आत, यंत्रभाषेत गोठलेला आहे. डिव्हाइस ट्री उकलता येते, ड्रायव्हर तसा उकलत नाही. त्याला सोर्स कोडच लागतो. आज माझ्याकडे उत्तम चित्र दाखवणारं आणि एकही बटण न ओळखणारं फर्मवेअर आहे.

म्हणून मी तुमच्याकडे सोर्स कोड मागितला. पहिलं उत्तर आलं, फर्मवेअर पुन्हा डाउनलोड करून बघा. दुसरं आलं, सोर्स कोड ही कंपनीची गोपनीय बाब आहे. या दुसऱ्या उत्तरावर माझा ठाम आक्षेप आहे. लिनक्स कर्नेल तुमचं नाही. ते जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली मिळतं आणि त्याच परवान्याने तुम्हाला ते यंत्रात घालून विकण्याची मुभा दिली आहे. त्याचं कलम ३ सांगतं की कर्नेल यंत्रभाषेत वाटायचं तर सोबत पूर्ण सोर्स कोड द्या, नाहीतर तो मागेल त्याला देऊ असं निदान तीन वर्षं लागू राहील असं लेखी आश्वासन द्या. आणि त्याबद्दल प्रत पोचवण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत. पूर्ण सोर्स कोडमध्ये तो कंपाइल आणि इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टही येतात. तुमच्या खोक्यात ना कोड होता ना आश्वासनाचा कागद. बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नेल चढवणारा प्रोग्राम) म्हणून तुम्ही वापरलेल्या यू-बूटचंही तेच.

मी भलतं काही मागत नाही. जो कोड सर्वस्वी तुमचा आहे, उदाहरणार्थ तुमचा मेनू, तो तुमच्याकडे राहू द्या. माली ग्राफिक्सचा बंदिस्त ड्रायव्हरही नको, या चिपच्या माली-जी३१ साठी पॅनफ्रॉस्ट हा खुला ड्रायव्हर आहे. शिवाय लॉगनुसार तुमचं कर्नेल ४.४ मालिकेतलं आहे. ती मालिका जानेवारी २०१६ मध्ये आली आणि मूळ कर्नेलवाल्यांनी तिची देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबवली. तुम्ही कोड दिलात तर ताज्या कर्नेलवर आणण्याचं काम तुमच्या ग्राहकांतलेच लोक करतील, तुम्हाला एक पैसाही न पडता.

ही नुसती आशा नाही, या प्रकारच्या यंत्रांचा इतिहासच तसा आहे. २००१ चं जीपी३२ आणि २००५ चं लिनक्सवर चालणारं जीपी२एक्स आजही लोकांच्या लक्षात आहेत ते हौशी प्रोग्रामरांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या एम्युलेटरांमुळे आणि गेममुळे. २००९ च्या डिंगू ए३२० मध्ये तर कंपनीची सिस्टिम लिनक्स नव्हतीच; लोकांनी त्यावर लिनक्स चढवलं, त्यातून ओपनडिंगक्स ही खुली सिस्टिम उभी राहिली आणि पुढे जीसीडब्ल्यू झिरो हे दुसरं हॅन्डहेल्ड ती घेऊनच बाजारात आलं. तुम्ही वापरलेल्या याच चिपवर हार्डकर्नेल या कंपनीने ओड्रॉइड-गो अॅडव्हान्स हा हॅन्डहेल्ड बनवला आणि कर्नेलच्या सोर्सबरोबर सर्किटची आकृतीही सर्वांसमोर ठेवली. त्यांना जे जमलं ते तुम्हाला का जमू नये?

आणखी दोन गोष्टी. यूएसबी-सी पोर्ट सी-टू-सी केबलने चार्ज होत नाही, जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच होतो. सी प्रकारचा चार्जर समोर यंत्र आहे हे ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती ओळख पटवणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर तुमच्या बोर्डावर नाहीत. नव्या बोर्डातही ही चूक तशीच आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. सोबत दिलेल्या कार्डावर व्यावसायिक गेमच्या प्रती भरलेल्या आहेत, ज्या विकण्याचा हक्क तुमच्याकडे आहे असं कुठेही दिसत नाही. त्यांच्या शेजारी हौशी लोकांनी फुकट दिलेले होमब्रू गेम आहेत, पण लेखकांची नावं आणि परवान्याच्या फाइली काढून टाकून. स्नेस९एक्स हा एम्युलेटरही आहे, आणि व्यावसायिक वापरासाठी परवानगी घ्यावी लागेल असं त्याच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. रात्री जागून गेम लिहिणाऱ्या माणसाला मोबदला म्हणून फक्त त्याचं नाव मिळतं. तेही तुम्ही पुसलंत. मी स्वतः असे गेम लिहितो, म्हणून हे मला सोडून देता येत नाही.

माझी मागणी अशी. दोन्ही बोर्डांसाठीच्या कर्नेलचा आणि यू-बूटचा पूर्ण सोर्स कोड, डिव्हाइस ट्री आणि बिल्ड स्क्रिप्टसह, फर्मवेअर जिथून डाउनलोड होतं तिथेच ठेवा. खोक्यावर आणि यंत्राच्या पाठीवर बोर्डाची आवृत्ती छापा. होमब्रू गेमच्या लेखकांची नावं आणि परवाने परत जोडा, आणि ज्यांचा हक्क तुमच्याकडे नाही ते गेम कार्डावरून काढा. चार्जिंगचा दोष असलेलं माझं यंत्र दुरुस्त करून किंवा बदलून द्या. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. सोर्स कोड देणार नसाल तर यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, कारण ‘ओपन’ म्हणून विकलेली वस्तू मला मिळालेलीच नाही. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन आणि परवानाभंगाची माहिती कर्नेलच्या स्वामित्वहक्कधारकांना सोबतच्या लॉगसह कळवीन.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, दोन्ही उत्तरांच्या प्रती, सिरियल लॉग, बोर्डाची छायाचित्रं, पिक्सेल क्लॉक दुरुस्त केलेली डिव्हाइस ट्री. ही शेवटची फाइल तुमच्या पुढच्या फर्मवेअरमध्ये वापरायला माझी हरकत नाही.