साताऱ्याहून लंडनला किती वेळ लागतो?

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

बाबा, मुंबई-लंडन विमानाच्या वेळा बघून तुम्ही फोनवर म्हणालात, "दुपारी दोनला निघून सव्वासातला पोचतंय, म्हणजे सव्वापाच तासच की!" आणि परतीचे साडेतेरा तास बघून आईला टेन्शन आलंय. दोन्ही आकडे सोडून द्या. तिकिटावर सुटायची वेळ तिथली आणि पोचायची इथली असते. उन्हाळ्यात आपलं घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असतं. ते धरलं तर येताना पावणेदहा तास बसायचंय, जाताना नऊ.

हा पाऊण तासाचा फरक वाऱ्याचा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना वाऱ्याविरुद्ध सायकल मारल्यासारखं, जाताना तोच पाठीशी.

मुंबई-लंडन अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. तुमच्या कपाटावरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो पाकिस्तान, कास्पियन समुद्र, युक्रेन असा उत्तरेकडून जाईल. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना त्यांचं बंद केलं. मग वळसा आलाच. सात हजार दोनशेला नऊशेनं भागून आठ तास काढाल, पण तसं होत नाही ते यामुळेही.

आता दुबईमार्गे स्वस्त पडतं, या तुमच्या मुद्द्याबद्दल. अंतराच्या हिशेबात तुमचं बरोबर आहे. मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि पुढे लंडन ५,५००, म्हणजे दोनशेच किलोमीटर जास्त. दुबई जवळजवळ वाटेतच आहे. पण मध्ये तीन-चार तास थांबायचं, पुन्हा सामानाची तपासणी, आणि त्या विमानतळावर चालायचं किती! आईच्या गुडघ्यांना विचारा.

शिवाय तुमचा प्रवास मुंबईत सुरू होत नाहीच. अकराला टर्मिनल दोनला पोचायचं तर साताऱ्यातून पहाटे साडेचारला निघा. खंबाटकी आणि लोणावळ्याच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. आमच्या घरी टेकाल तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असेल. एकवीस तास झाले. त्यात दुबई घालू नका. थेट विमानाचंच तिकीट काढतेय. वरचे पैसे माझे, त्यावर वाद नको.

आई, व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवते. "मी काय म्हातारी झाले का" हे तू म्हणणारच, तरी बस. पैसे लागत नाहीत आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. विमानात तास-दीड तासानं उठून फेरी मार, पाणी पीत राहा. बाबांच्या शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. त्या दिवशी जेवणाच्या वेळा सरकतील, तेव्हा गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारा.

तारीख मात्र लवकर कळवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात. त्याआधी येणार असाल तर वरचा सगळा हिशेब साडेपाच तासांच्या फरकानं मांडावा लागेल. बाबा तो करतीलच.

लोणचं काचेच्या बरणीत नको.

तुमची,
ताई