तुझी लिपी मी फोडली

प्रिय अजय,

तुझं पत्र पोचलं आणि तू तुझ्या गोष्टीसाठी रचत असलेल्या नव्या भाषेची चाळीस अक्षरांची गुप्त लिपी मी दोन रात्रींत फोडली. रागावू नकोस. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढलीस, तिथेच सापडलास! शिवाय निम्मी वाक्यं एकाच दोन अक्षरी शब्दावर संपतात. ‘आहे’, दुसरं काय असणार? म्हणजे लहानपणीची आपली ‘च’ची भाषाच ही, ‘मला’चं ‘चलाम’. मराठीच, फक्त खोट्या मिशा लावलेली.

अमेरिकेतल्या चेरोकी या आदिवासी जमातीतल्या सेक्वोया नावाच्या माणसाचं बघ. त्याला कुठलीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. आधी त्याने दर शब्दाला एक चिन्ह काढायला घेतलं, पण शब्द काही संपेनात. मग तो नुसतं ऐकत बसला, शब्द कुठे मोडतात ते. १८२१च्या सुमारास ऐंशीच्या वर चिन्हांत अख्खी भाषा मावली. काही आकार त्याने रोमनमधून उचलले, पण उच्चार आपले ठेवले: डब्ल्यूसारखं दिसतं ते ‘ला’ वाचायचं. तू नेमकं उलटं केलंस. आकार नवे, आतली बाराखडी जुनीच.

नावांचंही तेच. राजा झ्रथाक आणि त्याची सख्खी बहीण एलिवेना? एकाच आईने ठेवलेली वाटतात का? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनने एक भाषा फिनिशच्या नादावर रचली, दुसरी वेल्शच्या. म्हणून त्याच्याकडे नाव कुठल्या भाषेतलं ते कानालाच कळतं.

आणि वाक्यरचना जपून निवड. ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा परकी वाटावी म्हणून मार्क ओक्रँडने कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी ठेवला. इंग्रजी कानाला ते विचित्र लागतं. मराठीत ‘पत्र लिहितो मी’ म्हण, कुणी दचकतं का बघ. उलट कविता वाटेल!

तू म्हणतोस, भाषेत माझ्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. श्लायर नावाच्या पाद्र्याचा हाच हट्ट होता. १८८०च्या दशकात त्याने साऱ्या जगासाठी रचलेली व्होलाप्यूक भाषा जोरात होती. सुधारणा कुणाच्या हातात, यावरून अनुयायी फुटले. झामेनहॉफने १८८७ मध्ये एस्पेरांतो या अशाच रचलेल्या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं आणि भाषेवरचा हक्कच सोडला. ती आजही बोलली जाते.

तेव्हा तुला न विचारता मी एक शब्द घातलाय: ‘नुरव’. पाकीट फोडण्याआधी ते उलटसुलट करून बघणं. तुझ्या भाषेत यासाठी शब्द नव्हता, मराठीतही मला सापडला नाही. ठेवतोस की खोडतोस, कळव.

तुझा,
सुहास