लोट्याच्या ट्रेनरला पत्र

चिपळूण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘पावसाळा संपायच्या आत सगळ्यांना एआय शिकवा’ असा तुमच्या लोट्याच्या केमिकल कारखान्यात हुकूम निघाला आणि ट्रेनर म्हणून तो तुझ्या गळ्यात पडला म्हणतोस. अभ्यासक्रम नंतर बघू. प्रश्न टाइप करायला तुझी पोरं आपली आपणच शिकली आहेत, चॅटजीपीटी येऊन (नोव्हेंबर २०२२) काळ लोटला. त्यांना येत नाही ते आलेलं उत्तर तपासायला. आणि ते ज्याच्या त्याच्या रोजच्या कागदावरच शिकवता येतं.

म्हणून अख्खा कारखाना हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवू नकोस. आठ-दहा जणांची तुकडी, दीड तास, नाइट शिफ्ट करून आलेला एकही माणूस नको. जोड्या लाव: एक जुना ऑपरेटर, एक नवा बीएस्सी झालेला. जुन्याला चूक वासावरून कळते, नव्याला मोबाइल चालतो. पावसात तिकडे लाइट आणि रेंज दोन्ही कधी जातील नेम नाही, तेव्हा सगळी उत्तरं आधीच छापून ने.

धडा सुरक्षा माहितीपत्रकावर, म्हणजे एसडीएसवर घे. त्याचे १६ भाग ठरलेले असतात. चौथा प्रथमोपचाराचा, सातवा हाताळणी-साठवणीचा, आठवा हातमोजे-चष्म्यांचा. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं पत्रक एआयकडून मराठीत करून घे आणि त्यात तीन चुका स्वतः पेर. ‘उलटी करवू नये’मधला नकार काढ. ‘पाण्यात हळूहळू अ‍ॅसिड ओतावे’ हे ‘अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतावे’ असं कर. आणि एका आकड्यातला दशांश बिंदू उडव. आधी जोडीने मूळ इंग्रजी पत्रक हातात न घेता चुका शोधायच्या, मग घेऊन. दुसरी चूक जुने लोक लगेच पकडतील, कारण अ‍ॅसिडात पाणी पडलं की उष्णतेने ते जागीच उकळतं आणि अ‍ॅसिड अंगावर उडतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पहिली मात्र निसटते. वाक्य सुबक असलं की डोळा पुढे सरकतो. एआयच्या चुका अशाच सुबक वाक्यात येतात, कारण ते शब्दामागून संभवणारा शब्द जुळवत जातं. माहिती नसली तरी अडखळत नाही. ऑफिसवाले ‘आमचं काय अ‍ॅसिडशी’ म्हणाले तर त्यांना २०२३ सालची न्यूयॉर्कमधली गोष्ट सांग: चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल वकिलांनी कोर्टात दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

आता तुमच्याकडच्या दोन खास भानगडी. जुन्या मराठी एसओपी (काम कसं करायचं ते सांगणारे कागद) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर वाचता येईल अशा पद्धतीत, नसून श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील, तर कॉपी करून चिकटवल्यावर नुसता कचरा दिसतो. वाईट हे की एआय त्या कचऱ्यातूनही काहीतरी ‘अर्थ’ काढून देतं. आधी युनिकोडमध्ये बदल, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपास, मगच पुढे. दुसरी भानगड लॉगबुकची. वहीचा फोटो काढून तक्ता करायला सांगितलं की घाईत लिहिलेला मराठी चार हा इंग्रजी आठ वाचला जाऊ शकतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान ४५ होतं की ८५, हा फरक तुला समजावायला नको. फोटोवरून केलेल्या तक्त्यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या माणसाने वहीशी ताडायचा, हा नियम सुपरवायझरकडून लेखी घे.

काय चिकटवायचं नाही, याचीही यादी मॅनेजरच्या सहीनेच लाव: बॅचची रेसिपी, पार्टीचं (गिऱ्हाइकाचं) नाव, कामगारांचे आधार क्रमांक, वैद्यकीय तपासणीचे रिपोर्ट. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याहून मोठी अडचण ही की फुकटच्या अकाउंटमध्ये घातलेलं परत मागता येत नाही. नुसतं ‘वापरू नका’ म्हटलंस तर लोक गुपचूप वापरतील. कंपनीने मंजूर केलेलं एक साधन दे, मग बंदी चालते.

‘आमची नोकरी जाणार का?’ हे पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारणार. त्याचं उत्तर तू देऊ नकोस. ते तुझ्या हातात नाही, आणि खोटा दिलासा दिलास की पुढच्या बैठकीला रिकाम्या खुर्च्या. मॅनेजरला पहिली पंधरा मिनिटं समोर बसव.

शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतात, त्यावर जाऊ नकोस. चहा-वडा चांगला असला की सगळे ‘उत्तम’वर टिक करतात. तीन आठवड्यांनी न सांगता एक पेरलेल्या चुकांचा कागद फिरव आणि किती सापडल्या ते मोज. दहा वेळा उत्तर बरोबर आलं की अकराव्या वेळी माणूस तपासतच नाही, म्हणून हे दर महिन्याला चालू ठेवावं लागतं. ही फेरी गणपतीच्या आधी आटप. नंतर अर्धी शिफ्ट गावी.

तुमच्या एसओपी कुठल्या फाँटमध्ये आहेत ते कळव. नमुन्याला दोन पाठव, पार्टीचं नाव आणि प्रमाणं खोडून.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय