खेळातला इतिहास कारणासकट हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या युवा पुरवणीतील रोलप्लेइंग गेम्सवरचा लेख वाचला. एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी आपापले पात्र घेऊन, फासे टाकत तिच्यात वावरायचे, हा खेळ आता मराठवाड्यातल्या महाविद्यालयीन मुलांपर्यंत पोहोचला आहे, याचा आनंदच आहे. मात्र या खेळांमधील काल्पनिक जगांचे, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘सेटिंग’चे, लेखात जे सरसकट कौतुक झाले आहे, त्याबद्दल एक हरकत नोंदवावीशी वाटते.

‘डेडलँड्स’ हा 1996 सालचा अमेरिकी खेळ घ्या. त्याच्या जगात 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईत मेलेली माणसे उठून उभी राहतात, यादवी युद्ध रेंगाळते आणि संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये 1876 मध्येही स्वतंत्र राष्ट्र म्हणून टिकून असतात. मुडदे उठायला माझी ना नाही. कल्पनेला तेवढी मुभा असलीच पाहिजे. पण मूळ आवृत्तीत त्या राष्ट्राने मधल्या काळात गुलामगिरी आपणहून मोडीत काढलेली असते आणि वर्णद्वेषही जवळपास ओसरलेला असतो, म्हणजे दक्षिणेचा सैनिक होऊन बिनघोर खेळण्याची सोय पुस्तकानेच करून ठेवलेली असते. प्रत्यक्षात ही राज्ये कशासाठी फुटली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असे मिसिसिपीने 1861 च्या जाहीरनाम्यात म्हटले, तर त्याच वर्षी मार्चमध्ये स्वीकारलेल्या दक्षिणेच्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करण्यासच मनाई केली. 1860 च्या जनगणनेत संपूर्ण अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसांची नोंद गुलाम म्हणून झाली होती. ज्या मालकीसाठी देश मोडला, ती मालकीच सोडून दिली असेल तर वेगळे राष्ट्र कशासाठी टिकवले, याचे पटणारे उत्तर ती कथा देत नाही. प्रकाशकांनी 2020 च्या सुमारास निघालेल्या नव्या आवृत्तीत ही मांडणी मागे घेतली आणि ते राष्ट्र युद्धात हरून संपल्याचे दाखवले, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

याच्या उलट टोकाचा उपाय म्हणजे विषयच काढून टाकणे. 2022 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच एका खेळाच्या संचात हाडोझी नावाच्या वानरसदृश जमातीची कथा होती: एक जादूगार त्यांना पकडतो, औषध पाजून बुद्धिमान करतो, विकण्याचा बेत आखतो आणि शेवटी त्याच्याच शिष्यांच्या मदतीने त्यांची सुटका होते. टीका झाल्यावर प्रकाशकांनी माफी मागून तो मजकूर गाळला, आणि तो मजकूर पाहता ते योग्यच झाले. गुलामांना वानरांचे रूप द्यायचे आणि त्यांच्या सुटकेचे श्रेयही मालकाच्या घरातल्यांना द्यायचे, हे खपण्यासारखे नव्हतेच. पण म्हणून गुलामगिरी दाखवायचीच नाही, हा नियम होऊ नये. 2007 च्या ‘स्टील अवे जॉर्डन’ या छोट्या खेळात खेळाडू अमेरिकेतील गुलामांचीच पात्रे घेतात. तिथे पात्राची किंमत खेळाडूला ठरवता येत नाही. ती गोष्ट चालवणारा ठरवतो आणि तिच्यावर किती फासे हाती येणार हे अवलंबून असते. पानभर उपदेशाने जे साधले नसते, ते या एका नियमाने साधते.

हे सगळे परक्या देशाचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. माझा पुतण्या आणि त्याचे मित्र सध्या मलिक अंबरच्या काळातला एक खेळ स्वतः रचत आहेत. त्यांच्या पात्रपत्रिकेत घोडा, तलवार, गनिमी काव्यातले कौशल्य, खजिन्यातले होन असे सगळे रकाने आहेत. आपल्याला कोणी, कुठे आणि कितीला विकत घेतले, याला मात्र जागा नाही. खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवणारा, शहराला नहरीचे पाणी देणारा आणि मोगलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षे झुंजवणारा हा माणूस इथिओपियात जन्मला, बाजारांतून विकला जात इथवर आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या मालकीचा गुलाम होता. तो चंगीझखानही मुळात हबशी गुलामच. हा भाग गाळला तर अंबर इतर कोणत्याही सरदारासारखा एक सरदार उरतो. (आणि गुलामी फक्त सुलतानांच्या दरबारी होती, असेही त्या मुलांनी समजू नये, पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत.)

त्याहून नाजूक विषय 1948 चा. हैदराबाद संस्थान स्वतंत्रच राहिले असते तर, या कल्पनेवर आपल्याकडचा एखादा गट उद्या खेळ बेतेल, आणि त्याने तो जरूर बेतावा. कायद्याच्या भाषेत हे फुटून निघणे नव्हते, कारण संस्थान भारतात सामीलच झाले नव्हते. निजामाने जून 1947 च्या फर्मानात स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला होता. तरीही मोह तोच राहतो. एका बाजूने वेठबिगार, जहागिरी आणि रझाकारांचे अत्याचार वगळून केवळ रुबाबदार हैदराबाद रंगवता येईल; दुसऱ्या बाजूने 17 सप्टेंबरला पडदा पाडून पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांत काय झाले ते सोयीस्करपणे विसरता येईल. भारत सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

नांदेडात असा खेळ मांडला, तर त्या टेबलाभोवती दोन्हीकडची नातवंडे बसलेली असतील. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून काय दाखवायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवण्याची ‘सेशन झिरो’ नावाची पद्धत या खेळाडूंमध्ये आहेच. आपल्या लेखात तिचा उल्लेख राहून गेला. पुढच्या लेखात तो करावा आणि नवीन खेळांची ओळख करून देताना त्या जगातले राज्य कशावर उभे आहे व कोणाच्या श्रमावर चालते, हेही वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, नांदेड